महिना ६३ डॉलर ७५ सेंट: एडी रॉबिन्सन आणि कॉलेज फुटबॉलच्या कोचची नोकरी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा व्यायामशास्त्रात एम.एस. करण्यासाठी लुइझियाना राज्यात गेला आहे. तेथील अमेरिकन फुटबॉल (अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा खेळ) संघाच्या कोचने त्याला ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारा मदतनीस, म्हणून बोलावले आहे. कोच म्हणजे शाळेतल्या पी.टी.च्या सरांसारखा कोणी असतो की त्याहून मोठे काही, या कामात आयुष्य काढता येते का, आणि मुलाने होकार द्यावा का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी गेली बावीस वर्षे अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका लहान कॉलेजात फुटबॉल संघाचा ॲथलेटिक ट्रेनर आहे. खेळाडूंच्या दुखापती टाळणे, झाल्यास ओळखणे आणि बऱ्या करून त्यांना पुन्हा मैदानावर उभे करणे, हे माझे काम. या बावीस वर्षांत माझ्या कॉलेजात पाच मुख्य कोच आले आणि त्यांपैकी दोघांना कराराची मुदत संपण्याआधीच घरी पाठवले गेले, त्यामुळे हे आयुष्य मी बाजूला उभे राहून, पण अगदी जवळून पाहिले आहे.

पी.टी.च्या सरांशी केलेली तुलना आपल्याला वाटते तितकी चुकीची नाही. माझे वडील सांगली जिल्ह्यातील एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक होते. तालुका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः सुतळी ताणून फक्कीने खो-खोचे मैदान आखत, मुलांच्या डब्यांची चौकशी करत, कोणाच्या घरून परवानगी आली नसेल तर सायकल काढून त्याच्या दारात जाऊन उभे राहत, आणि सामना संपला की निकालाच्या चार ओळी लिहून स्थानिक वार्ताहराकडे पोचवत. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात ज्यांचे नाव सर्वांत वरच्या ओळीत घेतले जाते, त्या एडी रॉबिन्सन यांची सुरुवात अशीच झाली. आपला मुलगा लुइझियानातच असल्यामुळे आणि हे गृहस्थही त्याच राज्याचे असल्यामुळे, कोचचे आयुष्य म्हणजे काय हे त्यांच्याच कारकिर्दीवरून सांगणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती माहीत नसेल तर पुढचे काहीच नीट लागणार नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघांची स्वतःची कनिष्ठ फळी नसते. हायस्कूल संपले की मुलगा कॉलेजच्या संघात जातो, तेथे तीन-चार वर्षे खेळतो, आणि मग एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ ड्राफ्टमधून, म्हणजे दरवर्षीच्या निवड प्रक्रियेतून, त्याला निवडतात किंवा निवडत नाहीत. अठरा ते बावीस या वयातील खेळाडू घडवण्याची सगळी जबाबदारी अशा रीतीने कॉलेजच्या कोचवर येऊन पडते. कोणत्या मुलाला घ्यायचे, त्याला कोणत्या जागी खेळवायचे, तो वर्गात बसतो की नाही हे पाहायचे, आणि शनिवारी सामना जिंकायचा, ही सगळी कामे एकाच माणसाच्या नावावर मांडलेली असतात.

रॉबिन्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१९ रोजी लुइझियानातील जॅक्सन या गावी झाला. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे, आई लोकांच्या घरी काम करणारी. कुटुंब पुढे बॅटन रूज शहरात आले. तिसऱ्या इयत्तेत असताना हायस्कूलचा कोच आपल्या संघातील मुले घेऊन त्यांच्या शाळेत आला, त्याच्याशी मुले ज्या आदराने बोलत होती तो पाहून आपणही हेच व्हायचे असे आपण तेव्हाच ठरवले, असे ते सांगत असत. लेलँड या लहान कॉलेजात ते क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू, म्हणून खेळले. पदवी मिळाली, पण कोचची नोकरी मिळेना, कारण दक्षिणेत तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते आणि कृष्णवर्णीय तरुणाला फक्त कृष्णवर्णीयांच्या शाळा-कॉलेजांतच अशी जागा मिळू शकत होती. अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ते पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर काम करू लागले.

१९४१ मध्ये लुइझियानाच्या उत्तरेला, रस्टन शहराजवळच्या ग्रॅम्बलिंग या खेड्यातील एका संस्थेला कोच हवा होता. संस्थेचे त्या वेळचे नाव लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट असे लांबलचक होते. १९४६ मध्ये ते ग्रॅम्बलिंग कॉलेज झाले आणि १९७४ मध्ये ग्रॅम्बलिंग स्टेट युनिव्हर्सिटी. संस्थेचे अध्यक्ष राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स हे स्वतः बेसबॉल संघाला शिकवत. त्यांनी बावीस वर्षांच्या रॉबिन्सन यांना महिना ६३ डॉलर ७५ सेंट पगारावर नेमले. हिशेब करून पाहिला तर गिरणीत आठवड्याला साठ तास राबून जेवढे मिळाले असते, साधारण तेवढाच हा पगार होता. त्याच वर्षी त्यांनी डोरिस यांच्याशी लग्न केले. ती नोकरी आणि ते लग्न, दोन्ही शेवटपर्यंत टिकली, आणि आपला खरा विक्रम सामन्यांचा नसून एक नोकरी आणि एक बायको हा आहे, असे ते नंतर हसत सांगत.

नेमणूक कोचची असली तरी हाताखाली कोणी नव्हते आणि पैसाही नव्हता. त्यामुळे मैदानावरचे गवत कापणे, पांढऱ्या रेघा मारणे, खेळाडूंच्या घोट्यांना टेप लावणे, जखमी मुलाला गाडीत घालून दवाखान्यात नेणे, मध्यंतरात कवायत करणाऱ्या मुलींच्या पथकाला शिकवणे, आणि सामना झाल्यावर वर्तमानपत्रांसाठी वृत्तांत लिहिणे, ही सगळी कामे त्यांच्याकडे आली. बाहेरगावी सामना असला की वाटेतील खानावळींत कृष्णवर्णीय मुलांना बसू दिले जात नसे, म्हणून संपूर्ण संघासाठी सँडविच घरूनच बनवून न्यावे लागत. पहिल्या हंगामात संघाने तीन सामने जिंकले आणि पाच गमावले. दुसऱ्या हंगामात, म्हणजे १९४२ मध्ये, नऊपैकी नऊ सामने जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना पूर्ण हंगामात एकही गुण करू दिला नाही. त्यानंतर युद्धामुळे दोन वर्षे कॉलेजचा संघच उतरला नाही, तेव्हा ते गावातील हायस्कूलच्या मुलांना शिकवत राहिले. त्या दिवसांची एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याने संघातील आपली दोन मुले घरी नेली. रॉबिन्सन त्याच्याशी हुज्जत घालत बसले नाहीत. उरलेला संघ घेऊन त्याच्या शेतावर गेले, सगळ्यांनी मिळून कापूस वेचून दिला, आणि दोन्ही मुलांना परत घेऊन आले.

येथे मला माझ्या धंद्यातील एक गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण या माणसाचे यश मला तिच्यातूनच समजले. सामन्याच्या दिवशी मी साठ-सत्तर घोट्यांना टेप लावतो. खेळाडू टेबलावर बसतो, पोटरीचा खालचा भाग कडेबाहेर ठेवतो आणि पाऊल काटकोनात वर धरून ठेवतो. टाचेच्या मागे आणि पावलाच्या वरच्या घडीवर, जेथे बूट घासतो तेथे, व्हॅसलिन लावलेले फोमचे दोन पातळ चौकोन बसवायचे, त्यावर फोमची पातळ पट्टी गुंडाळायची. मग दीड इंची पांढऱ्या टेपचे पोटरीभोवती दोन वेढे द्यायचे, तेथून आतल्या बाजूने खाली तळपायाखालून बाहेरच्या बाजूने वर अशा तीन पट्ट्या ओढायच्या, मग पावलाभोवती इंग्रजी आठच्या आकारात वेढा घ्यायचा, आणि शेवटी टाचेला दोन्ही बाजूंनी कुलूप घातल्यासारख्या तिरक्या पट्ट्या घालून बंद करायचे. एक सुरकुती राहिली तरी चौथ्या क्वार्टरपर्यंत, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशापर्यंत, तेथे फोड येतो. हाताला सवय झाली की एका घोट्याला तीन मिनिटे लागतात. या तीन मिनिटांत तो मुलगा कुठेही जाऊ शकत नाही, माझी नजर त्याच्या पायावर असते, त्याच्या चेहऱ्यावर नसते, आणि म्हणूनच तो बोलतो. आईचे घरभाडे थकले आहे, सांख्यिकीच्या पेपरात नापास होणार आहे, डोके गेल्या मंगळवारपासून दुखते आहे पण कोचला सांगू नका, अशा गोष्टी मला कोणत्याही बैठकीत कळल्या नाहीत. त्या टेबलावर कळल्या.

रॉबिन्सन यांनी हे काम सुरुवातीच्या काळात स्वतः केले. सँडविच, गाडी, टेप, गवत, ही सगळी कामे दारिद्र्यामुळे गळ्यात पडली होती हे खरे, आणि त्या दारिद्र्याचे गोडवे गाण्याचे मला काही कारण दिसत नाही. पण त्या कामांमुळे आपल्या मुलांबद्दलची प्रत्येक बातमी त्यांना थेट मिळत गेली. पुढे मदतनीस आले तरी त्यांनी ही सवय सोडली नाही. सकाळी सहाच्या सुमारास हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन ते वसतिगृहाच्या व्हरांड्यातून वाजवत फिरत आणि मुलांना वर्गासाठी उठवत. प्रवासात कोट आणि टाय घालण्याची सक्ती असे. जेवणाच्या टेबलावर काटे-चमचे कसे वापरायचे, मुलाखतीत नजर कोठे ठेवायची, हेही शिकवले जाई. आजच्या पिढीला यात थोडी बुरसटलेली शिस्त दिसेल, आणि देशाबद्दल ते ज्या भक्तीने बोलत ती साठच्या दशकातील काही तरुणांना खटकलीही. मात्र ज्या मुलाला वाटेतल्या खानावळीत बसूच दिले जात नाही, त्याला एक दिवस त्या टेबलावर बसावे लागेल असे गृहीत धरून तयार करणे, यात मला लाचारीपेक्षा दूरदृष्टी अधिक दिसते.

ही तयारी कामाला आली. १९४९ मध्ये त्यांचा खेळाडू टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्स संघात गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून थेट एनएफएलमध्ये खेळणारा तो पहिला खेळाडू होता. तू टिकला नाहीस तर आपल्यापैकी दुसऱ्या कोणाला पुन्हा संधी केव्हा मिळेल सांगता येत नाही, अशा अर्थाचे त्याला जाताना बजावले गेले होते, आणि तो टिकला. १९६३ मध्ये बक ब्युकॅनन हा एएफएल या त्या वेळच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिला निवडला गेला. विली डेव्हिस, विली ब्राउन, चार्ली जॉइनर आणि ब्युकॅनन हे चौघेही व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, आहेत. एका खेड्यातील या कॉलेजातून रॉबिन्सन यांच्या काळात दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत गेले.

क्वार्टरबॅकची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. मैदानावर प्रत्येक डाव ओळखणारा, चेंडू कोणाला द्यायचा हे ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. ही विचार करण्याची जागा असल्यामुळे ती कृष्णवर्णीय खेळाडूला झेपणार नाही असा व्यावसायिक संघांचा समज होता, आणि कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या मुलाला एनएफएलमध्ये गेल्यावर दुसऱ्याच जागी हलवले जात असे. टीव्हीवरील प्रसिद्ध समालोचक हॉवर्ड कोसेल यांनी रॉबिन्सन यांना विचारले होते की तुमच्याकडून असा क्वार्टरबॅक का येत नाही. त्यांनी हा प्रश्न मनावर घेतला. जेम्स हॅरिस या मुलाला त्यांनी व्यावसायिक पद्धतीचे पास-डाव शिकवले आणि दुसरी जागा देऊ केली तरी स्वीकारू नकोस असे सांगून ठेवले. १९६९ मध्ये बफलो बिल्सने हंगामाचा पहिलाच सामना हॅरिसला क्वार्टरबॅक म्हणून सुरू करू दिला. पुढे त्यांचाच विद्यार्थी डग विल्यम्स ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, खेळला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये संघाने ३५ गुण केले, त्यांत विल्यम्सचे चार टचडाउन पास (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून गुण मिळवून देणारे पास) होते, आणि डेन्व्हरचा ४२–१० असा पराभव झाला. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही मान त्याला मिळाले. हॅरिसपासून विल्यम्सपर्यंत एकोणीस वर्षे गेली. कोचचे काम कोणत्या गतीने फळते हे आपल्या मुलाला समजावून सांगायचे असेल तर हा हिशेब पुरेसा आहे.

आता आकडे. ५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर प्रेअरी व्ह्यू संघाला २७–७ असे हरवून रॉबिन्सन यांनी ३२४ वा विजय मिळवला आणि अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागे टाकला. १९९५ मध्ये चारशेवा विजय आला. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या नावावर ४०८ विजय, १६५ पराभव आणि १५ बरोबरी होत्या. या आकड्यावर लोक दोन उलट टोकांनी बोलतात. एक बाजू म्हणते की त्यांचे प्रतिस्पर्धी ब्रायंट यांच्या प्रतिस्पर्ध्यांइतके तगडे नव्हते. दुसरी बाजू त्या आकड्याला हार घालते आणि पुढे काही बोलत नाही. मला दोन्ही अपुरे वाटते, कारण वर्णभेदाची भिंत या आकड्याच्या दोन्ही बाजूंना उभी आहे.

साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा येथील मोठी सरकारी विद्यापीठे कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतच नव्हती. त्यामुळे ब्युकॅननसारखा सहा फूट सात इंचांचा, तरीही चपळ मुलगा दक्षिणेत खेळायचे असेल तर ग्रॅम्बलिंगसारख्या कॉलेजातच येणार हे ठरलेले होते. त्याच भिंतीने रॉबिन्सन यांनाही आत कोंडले होते. देशातील वरच्या श्रेणीच्या कॉलेजांपैकी एकाने कृष्णवर्णीय मुख्य कोच नेमला तो १९७९ मध्ये, विचिटा स्टेटने विली जेफ्रीज यांना घेतले तेव्हा. त्या वेळी रॉबिन्सन यांना ग्रॅम्बलिंगमध्ये अडतीस वर्षे झाली होती आणि १९७६ मध्ये त्यांनी देशातील फुटबॉल कोचांच्या संघटनेचे अध्यक्षपदही भूषवले होते. मग भिंत पडली. सप्टेंबर १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने बर्मिंगहॅमला येऊन पूर्णपणे गोऱ्या खेळाडूंच्या अलाबामा संघाचा ४२–२१ असा पराभव केला, त्यात सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्ड धाव घेतली. बदल त्याआधीच सुरू झाला होता, पण त्या रात्रीनंतर त्याला विरोध करणे अवघड झाले. काही वर्षांतच मोठी विद्यापीठे, मोठी मैदाने, टीव्ही आणि चकचकीत सोयी घेऊन, पूर्वी ग्रॅम्बलिंगला जाणाऱ्या मुलांच्या दारात उभी राहिली. ज्या दिवसासाठी रॉबिन्सन यांनी मुलांना काटे-चमचे शिकवले, तो दिवस उजाडला आणि त्याने त्यांचेच खेळाडू नेले. यावर त्यांना कडवट व्हायला भरपूर वाव होता. जाहीरपणे तरी ते तसे कधी बोलले नाहीत.

त्यांचा उपाय व्यवहारी होता. मोठी कॉलेजे मुलांना जे दाखवतात त्यातले थोडे आपणही दाखवायचे. कॉलेजचे प्रसिद्धिप्रमुख कॉली निकोल्सन यांच्या डोक्यातून निघालेली योजना अशी की संघाने खेड्यातील मैदानावर वाट पाहत न बसता मोठ्या शहरांत जाऊन खेळावे. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर मॉर्गन स्टेटविरुद्ध सामना झाला. तो ९–७ असा गमावला, पण साठ हजारांहून अधिक लोक पाहायला आले. १९७६ मध्ये संघ टोकियोला जाऊन खेळला. १९७४ पासून न्यू ऑर्लीन्समध्ये सदर्न युनिव्हर्सिटीविरुद्ध बायू क्लासिक सुरू झाला, जो आजही थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, शनिवारी होतो. आपण तिकडे गेलात तर जरूर पाहा. मध्यंतरात दोन्ही कॉलेजांच्या बँडची जी जुगलबंदी होते, तिच्यासाठी निम्मे प्रेक्षक आलेले असतात.

शेवट मात्र चांगला झाला नाही, आणि तो सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. अखेरच्या तीन हंगामांत संघ अनुक्रमे ५–६, ३–८ आणि ३–८ असा खेळला. कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या एनसीएए या संस्थेची चौकशी आली, काही खेळाडूंवर गंभीर गुन्ह्याचे आरोप झाले, आणि १९९६ च्या अखेरीस विद्यापीठाने त्यांना बाजूला करण्याच्या हालचाली केल्या. राज्यपालांपर्यंत लोकांनी आवाज उठवला तेव्हा त्यांना आणखी एक हंगाम मिळाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये बायू क्लासिकमध्ये ते शेवटचा सामना हरले. त्यांची जागा डग विल्यम्सने घेतली. पुढे त्यांना अल्झायमर झाला आणि ३ एप्रिल २००७ रोजी, ८८ व्या वर्षी, ते गेले. अंत्यदर्शनासाठी त्यांचे पार्थिव बॅटन रूजच्या राज्य विधानभवनात ठेवले गेले, ज्या राज्यात त्यांच्या संघाला एकेकाळी रस्त्यावर जेवायला बसता येत नव्हते. माझे मत विचाराल तर ते पाच वर्षे आधी थांबायला हवे होते. पण मी पाहिलेल्या पाच कोचांपैकी एकालाही योग्य वेळी थांबता आलेले नाही, तेव्हा हा दोष एकट्याचा मानता येत नाही.

असे आयुष्य आज शक्य आहे का? एकाच कॉलेजात इतकी वर्षे, जवळपास नाही. आजचा रस्ता पायऱ्यांचा आहे. आधी ग्रॅज्युएट असिस्टंट, मग एखाद्या जागेचा कोच, उदाहरणार्थ फक्त लाइनमनचा (पुढच्या फळीतील खेळाडूंचा) किंवा फक्त रिसीव्हरचा (पास झेलणाऱ्यांचा), मग आक्रमणाचा किंवा बचावाचा को-ऑर्डिनेटर, आणि नशीब असेल तर मुख्य कोच. प्रत्येक पायरीला गाव बदलते. माझ्या ओळखीच्या एका कोचच्या मुलीने बारावीपर्यंत सात शाळा पाहिल्या. वर पोचलेल्यांना मिळणारा पैसा डोळे दिपवणारा आहे. अलाबामाचे निक सेबन निवृत्तीच्या सुमारास वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक घेत होते. पण त्याआधी केंट स्टेटमधील ग्रॅज्युएट असिस्टंटपासून त्यांचेही अर्धा डझनाहून अधिक संघ झाले होते. ग्रॅम्बलिंगच्याच गटातील जॅक्सन स्टेटने २०२० मध्ये डिऑन सँडर्स या माजी नामांकित खेळाडूला कोच नेमले. त्याने तीन हंगामांत २७ सामने जिंकून केवळ सहा गमावले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो कोलोरॅडोला गेला. त्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की रॉबिन्सन यांच्यापुढे असा पर्याय फार काळ नव्हताच. निष्ठा आणि नाइलाज यांची त्यांच्या बाबतीत सरमिसळ आहे.

खेळाडूही आता एका जागी राहत नाहीत. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावाचे आणि छायाचित्राचे पैसे घेता येतात, ट्रान्सफर पोर्टल या ऑनलाइन यादीत नाव टाकून संघ बदलता येतो, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजे त्यांना थेट वाटाही देऊ लागली आहेत. खेळाडूंना मिळणारे पैसे मला रास्त वाटतात, कारण त्यांच्या गुडघ्यांची किंमत मी रोज पाहतो. पण कोचचा दिवस यामुळे बदलला आहे. डिसेंबर-जानेवारीत तो नव्या मुलांना बोलावण्याइतकाच वेळ आपल्याच मुलांना थांबवण्यात घालवतो, आणि चार वर्षांत घडवण्याचा जो अवकाश रॉबिन्सन यांना होता तो बहुतेकांना मिळत नाही.

आता मुलाचा निर्णय. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये राहण्याचा विचार त्याच्या मनात खरोखर असेल तर त्याने होकार द्यावा, कारण आत शिरण्याचा दरवाजा हाच आहे. मात्र आधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. शिक्षणशुल्क पूर्ण माफ होणार की काही भाग, ही पहिली. मासिक मानधन बारा महिने मिळणार की फक्त सत्र चालू असताना, ही दुसरी. तिसरी कामाच्या तासांची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि फुटबॉलच्या कचेरीत हंगामात वीस तास बुधवारीच संपतात. थोडे जास्त थांबलास तर काय होते, असे कोणी प्रेमाने म्हणेल. तेथे त्याने नम्रपणे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचे नाव घ्यावे. चांगला कोच यावर रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडे काम करू नये.

कोच कसा आहे हे ओळखण्याची एक खूणही सांगतो. पहिल्या भेटीत मुलाने त्यांना व्यूहरचनेबद्दल काही विचारू नये. संघातील चौथ्या क्रमांकाच्या, कधी न खेळणाऱ्या लाइनमनचे नाव, गाव आणि त्याचा अभ्यासाचा विषय विचारावा. उत्तर लगेच आले तर जागा बरी आहे.

सुरुवातीला त्याच्या वाट्याला सामन्यांच्या चित्रफिती कापणे, सरावाचे शंकू मांडणे, बर्फाची पिंपे भरणे अशीच कामे येतील. पिंपाचे काम हलके समजू नये. ऑगस्टमध्ये लुइझियानात सकाळी नऊलाच अंगातून पाण्याच्या धारा लागतात, आणि उष्माघात झालेल्या मुलाला मैदानाच्या कडेलाच बर्फाच्या पाण्यात बसवणे हा त्याचा जीव वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. आधी थंड करायचे आणि मगच रुग्णवाहिकेत घालायचे, हा नियम त्याने पहिल्याच दिवशी तेथल्या ट्रेनरकडून समजून घ्यावा. आणि भारतातून सामान पाठवणार असाल तर बूट दोन जोड पाठवा. सकाळचे दव, दुपारचा घाम आणि मैदानावरचा चुना यांत एक जोड महिनाभरही टिकत नाही, आणि ओला बूट सुकायला तेथील हवेत दोन दिवस लागतात.